नकाराचं बटण

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मी गिऱ्हाईक झाले! माझ्याच घरात, माझ्याच सुनेची.

सकाळी चहा झाल्यावर अंबिका लॅपटॉप घेऊन समोर बसली. म्हणाली, "आत्या, आमच्या कंपनीला तुम्ही पाहिजेत." (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.) कंपनी नांदेडची. ही इथं निलंग्यात मधल्या खोलीत बसून त्यांचं काम करते. आता त्यांना बायांच्या घरगुती उद्योगासाठी ॲप बनवायचंय. ऑर्डर कुणाला गेली, माल कुणी किती केला, पार्सल निघालं का— सगळं मोबाईलवर दिसणार. आणि बनवतानाच सोबत बसेल असं एक खरं गिऱ्हाईक त्यांना हवंय. दर पंधरा दिवसांनी झालं तेवढं ते दाखवणार, आम्ही नावं ठेवायची, मग ते दुरुस्त करणार.

मी विचारलं, "सगळं झाल्यावरच का नाही दाखवत?"

"सगळं झाल्यावर तुम्ही नको म्हणालात तर?"

खरंच की! पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत आपल्यालाही पिठाचा अंदाज कुठं येतो?

आमचा कडक भाकरीचा गट नऊ बायांचा. ऑर्डर माझ्या फोनवर येते. ज्वारी मी दळून आणते, पिठाचे डबे घरोघर पोचवते, बाया भाकरी करून आणतात आणि माझ्या ओसरीवर खोकी बांधली जातात. यात ॲपचं काय काम, ते अजून डोक्यात शिरलं नाही. पण "तुम्हाला काय पाहिजे" असं कुणी विचारलं, याचंच अप्रूप वाटलं. लगेच हो म्हणून टाकलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

इथं कुणी वाचत नाही, म्हणून लिहून टाकते. ही पोरगी या घरात राहिली पाहिजे. बाकी मला काही नको.

माझ्या महांतेशचं पाइप-मोटारींचं दुकान इथं, तो हलायचा नाही. अंबिका नांदेडची, इंजिनियर. लग्नाला वर्ष व्हायचंय अजून. बारशाला, पूजेला गेलं की एखादी तरी विचारतेच— "सूनबाई करमते का गं निलंग्यात?" विचारण्याचा सूर असा, की जणू हिची बॅग दारातच भरून ठेवलीय. हे गेल्यापासून घरात माझा आणि महांतेशचा मिळून दिवसाला दहा वाक्यांचा कारभार होता. ही आली आणि मधल्या खोलीतून हसण्याचा आवाज यायला लागला.

म्हणून मी तिला शब्द लागू देत नाही. ही वरणात हिंग इतका टाकते की नाक झिणझिणतं! मी म्हणते, छान झालंय. तीही माझ्या प्रत्येक गोष्टीला छान म्हणते. नुसता छानचा बाजार भरलाय घरात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

एक मजा कळली. अंबिका रोज सकाळी कानात ते बोंडूक घालून उभी राहते आणि बोलते. मला वाटायचं पाय मोकळे करते. तसं नाही! त्यांची पूर्ण टीम आपापल्या घरी उभी असते. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय— एवढंच बोलायचं. उभं का? तर बसलं की बोलणं लांबतं!

हे आमच्या बचत गटाच्या बैठकीला लावलं पाहिजे. साखराबाई उभ्यानंसुद्धा तासभर बोलेल, ती गोष्ट वेगळी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहिलं दाखवणं झालं. ओसरीवर सतरंजी टाकली, टीव्हीला वायर जोडली. सगळ्या बाया नेसून-सवरून आल्या, लग्नाला आल्यासारख्या. स्क्रीनवर नांदेडहून अंबिकाचे साहेब, संगमेश सर. तरुणच आहेत. सारखे बिस्किट खात होते.

ॲप असं आहे: ऑर्डर आली की बाईच्या फोनवर घंटी वाजते. "पन्नास भाकरी." खाली दोन बटणं. हिरवं— स्वीकार. लाल— नकार. दाबलं की नावासकट सगळ्यांना दिसतं. जिनं जास्त केल्या तिचं नाव सर्वांत वर, हिरव्या पट्टीत.

सगळ्यांना दाबून बघायला सांगितलं. सगळ्यांनी हिरवं दाबलं. अंबिका म्हणाली, "आता लाल दाबून बघा, चालतंय का." हसण्याखिदळण्यात तेवढं राहून गेलं.

"कसं वाटलं? काही चुकलं असेल तर सांगा बरं का."

गुणाबाई म्हणाली, "लई भारी हाय! गौराक्काच्या सुनंनं केलंय, वाईट कसं आसंल?" गुणाबाईचं रान आमच्या रानाला लागून. तिला कशातही खोट दिसते. माझ्या चटणीतसुद्धा. तीच आज अशी! मग सगळ्यांनी माना हलवल्या. पाच-पाच चांदण्या दिल्या. संगमेश सर म्हणाले, "असा प्रतिसाद कधीच मिळाला नाही!" अंबिकाचा चेहरा असा खुलला की मला बाकी काही दिसेना.

जाताना साखराबाईला हळूच विचारलं, "तुझा हात दुखतो ना? पन्नास कशा करशील?" ती म्हणाली, "आता सूनबाईसमोर न्हाई कसं म्हणू?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

लातूरच्या दुकानाची ऑर्डर. ॲपवर सगळीकडं हिरवं. दुपारी साखराबाईच्या घरून पिठाचा डबा तसाच परत आला, वर चार लिंबं ठेवलेली.

आमच्यात हे पहिल्यापासून असंच आहे. जिला जमणार नसतं ती डबा परत पाठवते. तोंडानं काही म्हणत नाही. आणि नुसता डबा पाठवायचा नसतो, म्हणून वर काहीतरी असतं— लिंबं, मिरच्या, मूठभर शेंगा. मीही काही विचारत नाही. पूर्वी मी तो डबा तसाच पुढच्या घरी द्यायची. पण आता ॲपवर साखराबाईच्या नावापुढं पन्नास हिरव्या दिसतायत. दुसरीकडं दिल्या तर अंबिकाला कळणार.

मग मीच बसले थापायला.

संध्याकाळी अंबिका नाचतच आली. "आत्या, शंभर टक्के! एकही भाकरी कमी नाही!"

म्हटलं, छान.

२४ नोव्हेंबर, सोमवार

उजवा खांदा धरलाय. अंबिकानं विचारलं. म्हटलं, झोपेत अवघडला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

राहवेना. गुणाबाईला गाठून विचारलंच— लाल बटणाला हात का लावत नाहीस गं? जमत नसलं तरी?

"घरी चालत आलेल्या कामाला लाल बटन दाबू? आन् ते दाबलं की सगळ्यांच्या फोनात जातंय. गुणाबाई, नकार. वाचून बघ की कसं वाटतंय. दारातून कुणाला तरी हाकलून देल्यागत."

"मग आधी नाही कशी म्हणायचीस?"

"आधी कुठं म्हणत होते? डबा पाठवून देत होते."

"मग त्या दिवशी लई भारी कशाला म्हणालीस?"

माझ्याकडं असं बघितलं की मीच येडी. "पोरगी लई जीव लावून करून राहिली, गौराक्का. नवी सून. तिला तिच्या सासूच्या ओसरीवर बसून नावं ठेवू?"

म्हणजे अंबिका सगळ्यांना खरं काय ते विचारते आणि बाया तिला पाहुणीचा मान देतात. पाहुणीनं आणलेली मिठाई खारट लागली तरी कुणी बोलतं का! आणि सगळ्यांत मोठी मानकरी मीच. ती मलाही रोज विचारते.

१ डिसेंबर, सोमवार

दुसरं दाखवणं. ठरवलं होतं, आज सांगायचं. अंबिका म्हणाली, "आज कौतुक नको. फक्त चुका सांगा." ओसरीवर अशी शांतता की स्वयंपाकघरातलं दूध उतू जाताना ऐकू आलं. मी पळाले दुधाकडं.

परत आले तर सगळ्या माझ्याकडं बघतायत. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हटलं, "ती घंटी परकी वाटते. त्याऐवजी माझा आवाज टाका." अंबिका उडालीच! असंच काहीतरी तिला पाहिजे होतं. लगेच माझा आवाज भरून घेतला— "अगं, पन्नास भाकरी करशील का?" प्रत्येकीचं नाव घेऊन वेगळा.

स्वतःवर खूष झाले मी. खोटं कशाला लिहू.

४ डिसेंबर, गुरुवार

माझ्या शहाणपणाची फजिती! ज्या ॲपआधी कधी वीसच्या वर घेत नव्हत्या त्यांनीही पन्नास घेतल्या. साखराबाई म्हणाली, "यंत्राला न्हाई म्हटलं आसतं एकवेळ. आता तू सोता फोनातून विचारून राहिलीस. कशी न्हाई म्हणू?"

तीन डबे परत आले. एकावर मेथीची जुडी, एकावर शेंगा, एकावर दोन पेरू. थापून थापून हात भरून आले. रागही आला— बायांचा, अंबिकाचा, मग स्वतःचा. फोनातून माझाच आवाज आला, "गौरम्मा, पन्नास करशील का?" माझं नावही तिनं भरून ठेवलंय! हसता हसता ठसका लागला.

९ डिसेंबर, मंगळवार

पुण्याहून मोठी ऑर्डर. तिकडं आपल्या भागातले लोक लई आहेत. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, त्यांना आपली भाकरी पाहिजे. चारशे! अठराच्या सकाळच्या गाडीनं निघायला हव्यात.

ॲपवर पाच मिनिटांत सगळं हिरवं. मला घाम फुटला. येळवसेच्या आधी दोन दिवस कुठल्या घरात बाईला उसंत असते? भज्जीच्या भाज्या निवडायच्या, आंबील लावायची, बाजरीचे उंडे करायचे, रानात न्यायच्या सामानाची बांधाबांध. अंबिका नांदेडात शहरात वाढली. तिला वाटतं एकोणीसला सुट्टी, म्हणजे अठरापर्यंत काम सुरू.

वर आनंदानं सांगते— "संगमेश सर म्हणतात, तुमचा गट एवढा चांगला चाललाय तर आता हेच देगलूरच्या पापडवाल्यांना आणि हिमायतनगरच्या गटाला द्यायचं."

म्हणजे माझी चूक आता दोन तालुके फिरणार. तिथंही कुणाचा तरी खांदा धरणार.

तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "तुमच्यामुळंच झालं हे, आत्या. आईला पण सांगितलं मी." मिटलं परत.

१५ डिसेंबर, सोमवार

तिसरं दाखवणं. मी नाही बोलले. भित्री!

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळपासून डबे परत यायला लागले.

पहिला साखराबाईचा, वर ओल्या हरभऱ्याची डहाळी. मग वांगी. मग पातीचा कांदा. मग गुणाबाईचा, वर चुक्याची गड्डी. सगळी भज्जीची भाजी आयती जमली. आणि पीठ जसंच्या तसं. दुपारपर्यंत सहा डबे ओसरीवर ओळीनं. मी परातीपुढं बसलेले, हात पिठात.

अंबिका पाणी प्यायला बाहेर आली. थांबली. डब्यांकडं बघितलं, मग फोनकडं. फोनवर सगळं हिरवं.

"हे काय आहे, आत्या?"

"पीठ परत आलंय."

"पण सगळ्यांनी स्वीकारलंय ना?"

आता काय लपवणार? म्हटलं, "अंबिका, मला हे नाही आवडलं. पहिल्या दिवसापासून नाही आवडलं. त्या लाल बटणाला कुणी हात लावत नाही. लावणारही नाही."

"आणि आजवरचं शंभर टक्के?"

"ते मी करत होते."

तिनं माझ्या खांद्याकडं बघितलं. आत गेली, दार लावलं. तिच्या आईशी फोनवर बोलल्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी पीठ मळत राहिले. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळे नव्हते.

१८ डिसेंबर, गुरुवार

निम्म्याच भाकरी गेल्या. मी स्वतः पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. तो चिडला. साहजिक आहे.

अंबिका दिवसभर बोलली नाही. महांतेश विचारतो, काय झालं? दोघी एकदम म्हणालो, "काही नाही."

जीव थाऱ्यावर नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार— येळवस

आली रानात. मला वाटलं होतं डोकं दुखतंय म्हणून घरी राहील. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, पंगत झाली. भज्जी दोनदा घेतली तिनं. पण माझ्याकडं बघत नव्हती.

महांतेश मित्रांना आंबील पाजायला बांधावर गेला. तेव्हा एकदम म्हणाली, "डब्यावर भाजी का ठेवतात?"

मला वाटलं टोमणा. पण नाही, खरंच विचारत होती. भुवया तशाच, लॅपटॉपपुढं असतात तशा.

"रिकामं भांडं परत देत नसतात."

"पण डबा तर पिठानं भरलेला होता."

"पीठ माझंच की. तिचं काय आलं त्यात? भाजी तिची."

"म्हणजे काम परत, पण माणूस नाही परत."

असा कधी विचारच केला नव्हता मी. मग ती म्हणाली, "मला राग डब्यांचा नाही आला, आत्या. मी रोज तुम्हाला विचारलं. रोज. तुम्ही छान म्हणालात. मी तेच सरांना दाखवलं, सरांनी वर दाखवलं. मी काय पाहुणी आहे का या घरात?"

जे होतं ते सांगितलं. "भीती वाटत होती गं. तुला काही बोलले तर तू जाशील म्हणून."

ती कडब्याची काडी मोडत बसली. डोळे भरले होते तिचे. माझेही. मग नाक ओढून म्हणाली, "वरणात हिंग जास्त होतो का?"

"लई!"

इतकी हसली, इतकी हसली! बांधावरून महांतेश ओरडला, काय झालं? मी म्हटलं, "तुझं तू पी आंबील!"

मग उठली आणि गुणाबाईच्या कोपीकडं चालत गेली. लांबून दिसत होतं— गुणाबाई हातवारे करून काहीतरी सांगतेय आणि ही मान खाली घालून ऐकतेय. ज्या अर्थी हातवारे, त्या अर्थी आज खरं बोलत असणार.

२२ डिसेंबर, सोमवार

अंबिकानं संगमेश सरांना सगळं सांगितलं. दार उघडंच होतं. "शंभर टक्के खोटं होतं, सर. भरपाई माझ्या सासूबाई करत होत्या." ते म्हणाले, "एवढं सगळं वाया गेलं?" ही म्हणाली, "वाया नाही गेलं. आत्ता कुठं पहिलं खरं उत्तर मिळालंय." देगलूर-हिमायतनगरचं सध्या थांबवलं.

मी आतून ऐकत होते. हिची नोकरी तर जाणार नाही?

आज वरणात हिंग नव्हताच. हा दुसऱ्या टोकाचा कारभार! सांगितलं तिला. म्हणाली, "उद्या मधलं करून बघू."

२५ डिसेंबर, गुरुवार

आज अंबिका माझ्यासोबत डबे वाटायला आली. लॅपटॉप घरी. नुसती मागं उभी राहून बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "आत्या, तुम्ही कुणालाच 'करशील का' असं विचारलं नाही."

"मग काय विचारलं?"

"'किती पीठ ठेवू?' प्रत्येक दारात हेच."

खरंच! इतकी वर्षं विचारतेय, माझ्याच लक्षात नाही. कुणी म्हणतं भरून ठेव, कुणी म्हणतं अर्धा, कुणी म्हणतं आज थोडंच. यात हो नाही, नकोही नाही. ॲपनं मला "करशील का" म्हणायला लावलं, आणि मी आपली तसंच म्हणत सुटले.

पण आमची पद्धत काही फार शहाणी होती असंही नाही. डबा दुपारी परत आला तर ते पीठ कोण करणार? शिळ्या पिठाच्या भाकरी चिरतात. तेही अंबिकानंच दाखवलं— मी आधी विचारायला पाहिजे, डबा घेऊन दारात गेल्यावर नाही. दारात भरला डबा समोर असला की कुणाच्या तोंडून "राहू दे" निघतं? दोघी कागद घेऊन बसलो. तिनं एक डबा काढला, पेन्सिलीनं. मी म्हटलं, हा डबा नाही, बादली दिसतेय.

२९ डिसेंबर, सोमवार

चौथं दाखवणं. बटणं गेली! आता फोनवर एक डबा दिसतो. बोटानं पीठ वर-खाली करायचं. भरला तर भरला, तळाशी ठेवला तरी चालतं. कुणी किती घेतलं ते फक्त मला दिसतं, दुसऱ्या कुणाला नाही. वरचा नंबर-बिंबर काढून टाकला.

अंबिका म्हणाली, "कसं वाटलं?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "अक्षर बारीक आहे. मला दिसत नाही. आणि माझा तो आवाज काढा आधी, कान किटले."

झालं! बांध फुटल्यागत सगळ्या सुरू. गुणाबाई म्हणाली, "डबा लई बारका हाय. माझं बोट मोठं, पीठ एकदम वरच जाऊन राहिलं." साखराबाई म्हणाली, "एकदम खाली ठेवला तर काम बंद तर न्हाई ना होत माझं?" अंबिका म्हणाली, "नाही होत, मावशी." "मग लिहून ठेव तसं तिथं." कुणाला रंग नको, कुणाला चटणीची ऑर्डर वेगळी पाहिजे. इतकी नावं ठेवली, इतकी नावं ठेवली! चांदण्या द्यायला सगळ्या विसरल्या.

अंबिका भराभर लिहून घेत होती. संगमेश सर बिस्किट हातात धरून नुसते ऐकत होते.

एवढी टीका ऐकून पोरगी संध्याकाळभर गाणं गुणगुणत होती. कंपनीवाल्यांचं गणित वेगळंच.

६ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची ऑर्डर. लातूरच्या दुकानाला तीनशे पाहिजे होत्या. डबे बघितले, तर दोनशेच होतात. मी फोन करून सांगितलं, दोनशे देते. "बरं" म्हणाला! एवढं सोपं होतं!

साखराबाईचा डबा तळाशी. दुपारी ती आली, हातात लिंबं. म्हटलं, आता कशाला? म्हणाली, "आसू दे की. झाडाला लागलेत."

१२ जानेवारी, सोमवार

संगमेश सर स्वतः आले, नांदेडहून. सोबत फोनवर हैदराबादचे लोक, ज्यांच्यासोबत यांची कंपनी काम करते. त्यांनी अंबिकालाच सगळं विचारलं. ते पिठाचं तुम्हाला कसं सुचलं? लाल बटण चुकलं हे कधी कळलं? तिनं न घाबरता-बिबरता सगळं सरळ सांगितलं. चूकसुद्धा. अर्धं इंग्रजीत, पण माझं नाव मला ऐकू आलं.

मला काहीच कळत नव्हतं तरी उठवेना. ही अशी बोलते कामावर! ओसरीवरची अंबिका वेगळी आणि ही वेगळी. तिच्याकडं बघतच राहिले.

सरांना जेवायला वाढलं. त्यांनी चटणी छान झालीय म्हटलं. गुणाबाई मागून म्हणाली, "खारट हाय जरा."

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. अंबिकानं पहिल्यांदा तिळाच्या पोळ्या केल्या. दोन फुटल्या. सांगितलं तसं. म्हणाली, "तुमच्याही दोन फुटल्यात, आत्या."

१८ जानेवारी, रविवार

दुपारी महांतेश दुकानात. मी भाकरी थापत होते. अंबिका येऊन पाटावर बसली. हैदराबादच्या त्या लोकांनी तिला बोलावलंय— मोठं काम, पण तिथं राहून. म्हटलं, "मला नाही आवडलं." ती म्हणाली, "मला माहीत होतं. पण मला जायचंय, आत्या." तव्यावरची भाकरी जळाली. मग हळूच म्हणाली, "महांतेशला अजून सांगितलं नाही. आईलापण नाही. आधी तुमच्याकडं आले."

गॅस बंद केला. तिच्या समोर बसले आणि म्हटलं, सांग. पहिल्यापासून सांग.